तिथीची पाऊणपट

वाळूत खुंटी धरत नाही. तंबूसोबत लोखंडी खुंट्यांची पिशवी येते खरी, पण ती डोंगरातल्या मुरमाड जमिनीसाठी. विरारच्या पश्चिमेला, सत्पाळ्याच्या पुढे राजोडीच्या किनाऱ्यावर दर शनिवारी सुरूच्या झाडांखाली तंबू उभे राहतात. त्यांच्या दोऱ्या ताणलेल्या असतात आणि वाळूत शिरून दिसेनाशा होतात. त्या कशाला बांधल्या आहेत, हे बघायला मी गेलो.

दोरीच्या टोकाला असते सिमेंटची रिकामी गोणी. ती अर्धी वाळूने भरायची, तोंड आवळायचं, कोपरभर खड्ड्यात आडवी निजवायची आणि वर वाळू लोटून पायाने दाबायची. एका तंबूला चार गोण्या. दोन लवचीक कांब्या फुलीसारख्या घातल्या की तंबू पाच मिनिटांत उभा राहतो. वेळ सगळा गोण्यांत जातो. हे करणारा मुलगा सत्पाळ्याचाच, आठवडाभर वसईच्या एका कारखान्यात आणि शनिवार-रविवार इथे. पाहुण्यांना दार समुद्राकडे हवं असतं. तो तसं लावून देतो, पण मागच्या बाजूच्या गोण्या पुढच्यांपेक्षा खोल पुरतो. संध्याकाळपर्यंत खारे वारे पश्चिमेकडून येतात. पहाटे जमीन गार झाली की वारा उलटतो आणि मतलई वारे तंबूच्या पाठीवर आदळतात. पहिल्या वर्षी पहाटे तीन तंबू पुळणीवर गडगडत गेले होते, म्हणाला. आत माणसं होती.

पण मला खिळवून ठेवलं ते तांडेलांनी. सत्तरीच्या आतबाहेरचे, आयुष्य अर्नाळ्याच्या बोटींवर काढलेले. आता बोट मुलाकडे आहे. इथे त्यांचं काम एकच, रात्री पाण्यावर नजर ठेवायची. दुपारी एकही तंबू उलगडण्याआधी ते हातात बांबूच्या काठ्या घेऊन किनाऱ्यावर चालत गेले. आदल्या भरतीने सोडलेली शिंपल्यांची, वाळक्या शेवाळाची आणि (लिहायला नको वाटतं, पण सर्वांत ठळक दिसते ती) प्लास्टिकची ओळ त्यांनी पाहिली. त्या ओळीवर काठ्या रोवल्या. मग बरीच पावलं मागे येऊन टाचेने रेघ मारली. "हिच्या पुढं एक पण तंबू नाय."

भरती किती वाजता, असं विचारलं तर त्यांनी मोबाइल काढला नाही. "आज चतुर्दशी. चौदाची पाऊणपट करा."

साडेदहा.

तिथीला पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा हिशोब आपल्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना पिढ्यान् पिढ्या पाठ आहे. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मी मोबाइलमधला तक्ता उघडला. त्यात सव्वाअकरा होते. फरक दाखवला तर तांडेल म्हणाले, असतोच. नंतर कागदावर मांडलं तेव्हा कारण लक्षात आलं. भरती एका तिथीला साधारण ४८ मिनिटांनी पुढे सरकते आणि पाऊणपटीचा हिशोब ४५ धरतो. तिथीमागे तीन मिनिटं, पौर्णिमेपर्यंत पाऊण तास. म्हणजे हिशोब चुकतो तो नेहमी अलीकडेच. पाणी येण्याच्या आधी तो माणसाला किनाऱ्यावर आणून उभं करतो. राखणदाराला याहून चांगली चूक कुठली!

आणि याच हिशोबातून या कामातली खरी अडचण दिसते. आपल्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येची भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमाराला येते, आणि तीच उधाणाची असते. हिवाळ्यात तर रात्रीचं पाणी दिवसाच्या पाण्याहून वर चढतं. पाहुण्यांची सर्वांत जास्त मागणी कुठल्या रात्रींना? हिवाळ्यातल्या चांदण्या रात्रींना. पवनेच्या काठी किंवा भंडारदऱ्याला, १९२६ साली पुऱ्या झालेल्या विल्सन धरणाच्या मागच्या आर्थर तलावाशी, तंबू ठोकला तर पाणी रात्रीतून जागा सोडत नाही. इथे उधाणाला ते सहा तासांत चार मीटरच्या वर चढतं. गाढ झोपेची वेळ आणि भरतीची वेळ एकच येते.

संध्याकाळचं थोडक्यात. कोळशावर चिकन, मागच्या वाडीतल्या मावशींच्या तांदळाच्या भाकऱ्या. पाणीही त्याच वाडीतल्या विहिरीचं. समुद्र इतका जवळ असून ते गोडं आहे. वसईच्या वाड्यांतली बावखलं पावसाचं पाणी धरून जमिनीत मुरवतात म्हणून इथल्या विहिरी टिकल्या. ती बुजवून इमारती उभारणाऱ्यांना हे पाणी एकदा चाखायला द्यावं.

नऊनंतर स्पीकर लागला. शेकोटीसाठी कुणी सुरूच्या बुंध्याशीच जागा साफ करू लागलं, तेव्हा तांडेल पहिल्यांदा आवाज चढवून बोलले. सुरूच्या वाळक्या काड्यांचा थर ठिणगीसरशी पेटतो. ही झाडं किनाऱ्यावर लावली वारा आणि वाळू अडवायला. नुसत्या वाळूत ती जगतात, कारण मुळांतल्या जिवाणूंच्या मदतीने हवेतला नत्र घेतात. अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव, सगळीकडे त्यांची मुळं उघडी पडली आहेत. वाळूचा उपसा आणि समुद्राची धूप यांनी कितीतरी झाडं आडवी झाली. ज्या सावलीसाठी लोक येतात तिच्याच बुंध्याशी आग लावायची आणि खोडात खिळे ठोकून दिव्यांच्या माळा टांगायच्या, हे मला पर्यटन वाटत नाही. इथले आयोजक शेकोटी पत्र्याच्या तसराळ्यात, उघड्या वाळूवर करतात. हे किमान सर्वांनी करायला हवं.

साडेदहाला तांडेल उठले. पाऊणपटीची वेळ झाली होती. काठ्यांपर्यंत पाणी यायला अजून अवकाश होता, तरी ते जाऊन उभे राहिले आणि अधूनमधून पायाखालची वाळू किती ओली झाली ते बघत राहिले. सव्वाअकराच्या पुढे पहिल्या काठीला फेस लागला. मग दुसरीला. तिसरी काठी कलली. लाट ओळ ओलांडून आली आणि टाचेच्या रेघेच्या चार पावलं अलीकडे थांबली. तंबूंतून कुणीही डोकावलं नाही. पाणी नक्की उतरायला लागलं याची खात्री झाल्यावरच त्यांनी बिडी पेटवली.

पूर्वी रेघ कुठे मारायचात, असं मी विचारलं. त्यांनी अंधारात समुद्राकडे हात केला. दुपारी तिथे पडलेल्या सुरूचं खोड पाहिल्याचं मला आठवलं. किनारा नियमनाच्या २०१९च्या अधिसूचनेत तात्पुरत्या पर्यटन सोयींना भरतीरेषेपासून किमान १० मीटर अंतर सांगितलं आहे. पण ती रेषाच गावाकडे सरकते आहे आणि मागे वाड्यांची कुंपणं आहेत. शासनाच्या २०२०च्या किनारा-कुटी धोरणात पालघर जिल्ह्यातून केळवे आणि बोर्डी घेतले गेले. राजोडी त्यात नव्हतं. इथे कुणी किती तंबू लावावेत, किती मागे लावावेत, हे ठरवणारं माणूस व्यवहारात एकच आहे. आणि त्याला आयोजक देतात ते एका रात्रीचे पैसे, आचाऱ्याहून कमी. मला हे मान्य नाही. तंबू भाड्याने मिळतात, पाऊणपट कुणाकडे भाड्याने मिळत नाही. तंबू लावणारा तो मुलगा ती शिकतो आहे, एवढीच आशेची गोष्ट.

सकाळी पोहे झाले, पाहुणे गेले. दवाने भिजलेली वरची कापडं कुंपणावर वाळत पडली. मुलगा गोण्या उकरून त्यांतली वाळू उघड्या पडलेल्या मुळांवर रिकामी करत होता. हाही तांडेलांचाच नियम. हात चालू ठेवूनच त्याने त्यांना विचारलं, पुढच्या शनिवारी काय?

"षष्ठी."

मुलाने थोडा विचार केला. "साडेचार?"

"साडेचार. पाणी भांगाकडं. पण रेघ हीच राहील."