नम्रतेचा अभ्यास

नम्रता हा सद्गुण मोठा विलक्षण आहे. धैर्य किंवा औदार्य आपल्या अंगीं आहे असें एखाद्यास कळलें, तरी तेवढ्यानें तो गुण नाहींसा होत नाहीं. परंतु 'मी नम्र झालों' हा विचार ज्या क्षणीं मनांत येतो, त्याच क्षणीं नम्रता तेथून निघून जाते. मग जिच्याकडे वळून पाहतांहि येत नाहीं, ती वस्तु संपादन करावी कशी? ख्रिस्ती जीवनांतील या जुन्या प्रश्नाचा विचार मराठीच्या इतिहासांतील दोन व्यक्तींच्या व माझ्या स्वतःच्या एका चुकीच्या आधारें करावा, असा आज हेतु आहे.

प्रथम नम्रता कशास म्हणूं नये तें पाहूं. 'मी पामर, मी अज्ञानी' असें बोलणें म्हणजे नम्रता नव्हे. असें बोलणाऱ्यास दुसऱ्या कोणी 'होय, आपण अज्ञानी आहां' असें म्हणून पाहावें. राग किती लवकर येतो तें तत्काळ दिसेल. त्याचप्रमाणें भीतीनें किंवा पोटासाठीं मान खालीं घालणें हीहि नम्रता नव्हे; ती लाचारी होय. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायांत भोजनाच्या वेळचा एक प्रसंग वर्णिला आहे. येशू ख्रिस्त भोजनावरून उठला, कमरेस रुमाल गुंडाळला, भांड्यांत पाणी घेतलें आणि शिष्यांचे पाय धुऊं लागला. हें काम त्या काळीं सेवकाचें मानीत. येथें तें गुरूनें केलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. नम्रतेचें कर्तव्य प्रथम वर उभा आहे त्याचें असतें. वरच्यानें खालच्यास तिचा उपदेश करावा आणि स्वतः मात्र उभेंच राहावें, हा त्या प्रसंगाचा विपर्यास होय.

आमच्या चर्चांतून पवित्र गुरुवारीं पाय धुण्याचा हा विधि होतो. पूर्वी तो पुरुषांपुरताच असे. 2016 सालीं रोमहून नियम बदलला व स्त्रियांसहि त्यांत स्थान मिळालें. परंतु विधि वर्षांतून एकच दिवस. बाकीच्या तीनशें चौसष्ट दिवसांचें काय?

याचें एक उत्तर आपल्या शेजारीं, गोव्यांत सांपडतें. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडांत जन्मलेला येशूसंघीय धर्मगुरु 1579 सालीं गोव्यास आला व पुढें बहुतेक आयुष्य त्यानें साष्टी प्रांतांत घालविलें. त्या प्रांताचा इतिहास नम्रतेचा नव्हता. 1567 सालीं पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं साष्टींतील देवळें पाडलीं होतीं. 1583 सालीं कुंकळ्ळी येथें पांच येशूसंघीय मारले गेले, व त्यानंतर गांवाच्या पुढाऱ्यांसहि ठार करण्यांत आलें. सत्तेच्या आधारानें धर्म सांगण्यांत जो गर्व असतो, त्याचा डाग आपण ख्रिस्ती लोकांनीं लपवूं नये; आणि स्टीफन्सहि त्याच राजवटीच्या छायेंत वावरत होता. तरी त्यानें एक गोष्ट निराळी केली. तो शिकणाऱ्याच्या जागीं बसला. ज्या लोकांस शिकवावयास आला त्यांच्याच मुखांतून त्यानें कोंकणी व मराठी उचलली, आणि येथील संतकवींची ओवी हातीं घेऊन सुमारें अकरा हजार ओव्यांचें 'ख्रिस्तपुराण' रचलें. तें 1616 सालीं छापलें गेलें. परभाषा शिकतांना प्रौढ मनुष्यास पुनः मूल व्हावें लागतें. रोज चुकावें लागतें, व आपल्याहून लहानाकडून ती चूक सुधारून घ्यावी लागते.

दुसरें उदाहरण पंडिता रमाबाईंचें. 1878 सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या, तेव्हां त्यांचें वय अवघें वीस होतें. 1883 सालीं इंग्लंडांत त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परंतु जें आपल्या बुद्धीस पटत नाहीं तें केवळ वडीलधारे सांगतात म्हणून मानावयास त्या तयार झाल्या नाहींत. नम्रता म्हणजे सदसद्विवेक दुसऱ्याच्या स्वाधीन करणें नव्हे, हें यावरून दिसतें. याच बाईंनीं पुढें केडगांव येथील मुक्तिसदनांत ग्रीक व हिब्रू भाषांचा अभ्यास करून सबंध बायबलाचें मराठी भाषांतर केलें. आणि संस्कृतावर एवढें प्रभुत्व असतांहि भाषा मुद्दाम साधी ठेवली, हेतु हा कीं अल्पशिक्षित स्त्रीसहि तें समजावें. 1922 सालीं मृत्यु येईपर्यंत हें काम चाललें. आपली विद्वत्ता दिसावी हा मोह विद्वानास आवरणें किती कठीण, हें आम्हां मास्तर लोकांस विचारावें!

आतां माझी चूक सांगतों. मालवणच्या किनाऱ्यावरील एका शाळेंत मी मराठी शिकवीत असें. 'माझे वडील' या विषयावर मासेमारी करणाऱ्या घरांतील एका मुलानें लिहिलें कीं, 'भांगाच्या दिवसांत बाबा घरीं बसून जाळीं दुरुस्त करतात.' मीं 'भांगाच्या' या शब्दाखालीं लाल शाईनें 'भांगेच्या' असें लिहिलें, आणि वर्गापुढें वाचून विचारलें, "काय रे, तुझे वडील भांग पितात काय?" वर्ग हंसला. मुलगा कांहीं बोलला नाहीं.

सायंकाळीं धक्क्यावर एका वृद्ध शेजाऱ्यास हा विनोद सांगितला. तो हंसला नाहीं. म्हणाला, "गुरुजी, उधाणाच्या उलट तो भांग." अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती मोठी येते तें उधाण, अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटींतील अंतर कमी होतें तो भांग. मुलाचा शब्द बरोबर होता व माझी लाल शाई चूक होती.

श्रोतेहो, खरी गोष्ट पुढेंच आहे. चूक कळल्यावरहि मी तीन दिवस गप्प राहिलों. 'मुलगा विसरला असेल', 'वर्गांत कबूल केलें तर शिस्त बिघडेल', अशीं कारणें मनानें पुरविलीं. गर्व नेहमीं कर्तव्याचा अंगरखा घालून येतो, हें मला तेव्हां समजलें. चौथ्या दिवशीं मीं त्या मुलास फळ्यापाशीं बोलावलें, त्याची क्षमा मागितली, त्याच्या हातीं खडू दिला, आणि त्याच्या बांकावर बसून भरती-ओहोटीचा पाठ ऐकला. तो पाठ उत्तम झाला. शिस्तहि बिघडली नाहीं.

या सर्वांतून मला एवढेंच समजलें आहे कीं, नम्रता ही मनांत आणावयाची भावना नसून हातापायांनीं करावयाचा अभ्यास आहे. त्यासाठीं तीन साधे नियम पुरेसे आहेत. कोणी चूक दाखविली असतां उत्तर देण्यापूर्वी तीं शब्द खरे आहेत काय, एवढें पाहावें. आपण ज्यास लहान समजतों अशा मनुष्याकडून अधूनमधून कांहींतरी शिकावें. आणि अपमान चारचौघांत केला असेल तर क्षमाहि चारचौघांतच मागावी. एकांतांतील क्षमेनें अर्धेंच ऋण फिटतें. एवढें करणाऱ्यानें आपण नम्र झालों कीं नाहीं, याची चौकशी करूं नये. ती चौकशी देवाकडे सोंपवावी आणि आपण पुढच्या कामास लागावें.