काठचे गवत आणि नदीचा गाळ

बिडकीनजवळच्या पैठण येथील जायकवाडी धरणाचे उद्घाटन १९७६ साली झाले. त्याची साठवणक्षमता सुमारे २,९०९ दशलक्ष घनमीटर. परंतु वरच्या खोऱ्यातून वाहून येणारी माती तीच जागा व्यापते. ओढ्याच्या काठी वाळा, हराळी वा निरगुडी असेल तर पाण्याचा वेग मंदावून गाळ तेथेच बसतो आणि मुळांमुळे काठही सहसा ढासळत नाही. मात्र पात्राच्या मध्यभागी पाणकणीस किंवा बेशरम माजल्यास पाणी तुंबून शेतात शिरते. ती अवश्य काढावी. परंतु यंत्र हाताशी आहे म्हणून खोलीकरणात काठही सरसकट खरवडणे महागात पडते. उघड्या काठावर वाळा पावसाळ्याच्या प्रारंभी लावावा. मुळे धरेपर्यंत गुरे दूर ठेवावी लागतात.