संपादकाची चौकशी कोण करणार?

वर्तमानपत्राच्या कचेरीत संपादकाच्या हाती किती सत्ता असते, हे बाहेरच्या माणसाला सहसा कळत नाही. तुमची बातमी लागणार की पडणार, लागली तर पहिल्या पानावर की आत, तिला तुमची बायलाइन मिळणार की ती ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ म्हणून जाणार, दौऱ्यावर कोण जाणार, रात्रपाळी कुणाला लागणार, सगळं तोच ठरवतो. शिवाय संपादक एकमेकांना ओळखतात. एखादी मुलगी ‘भांडखोर’ आहे हा शेरा तिच्या आधी पुढच्या कचेरीत पोचलेला असतो. म्हणून लैंगिक छळ करणारा स्वतः संपादक असला की पत्रकार मुलीपुढे उरणारी वाट फार अरुंद होते.

मी नव्वदच्या दशकात पुण्यातल्या एका मराठी दैनिकात उपसंपादक म्हणून लागले. आता लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या काही कंपन्यांतल्या अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून काम करते. त्यात एक वृत्तवाहिनीही आहे. त्यामुळे हा विषय मी दोन्ही बाजूंनी पाहिला आहे: तक्रार करायला जागाच नव्हती तेव्हाही, आणि जागा आहे पण तिथे जायला मुली घाबरतात, त्या आजच्या काळातही.

पत्रकार प्रिया रमाणी यांचा खटला मला यासाठीच महत्त्वाचा वाटतो. डिसेंबर १९९३ मध्ये त्या २३ वर्षांच्या होत्या. ‘एशियन एज’ हे इंग्रजी दैनिक निघायच्या तयारीत होतं आणि त्याचे संपादक होते एम. जे. अकबर. कोलकात्याचं ‘टेलिग्राफ’ उभं करणारे अकबर तेव्हा तरुण पत्रकारांना दैवतासारखे वाटत. मुलाखत मुंबईत, ओबेरॉय हॉटेलात ठरली. रमाणी यांनी न्यायालयात सांगितलं ते असं: भेट खाली लॉबीत होईल असं त्यांना वाटलं होतं, पण त्यांना वर खोलीत बोलावण्यात आलं. तिथे मद्य पुढे करण्यात आलं, जुनी हिंदी गाणी म्हटली गेली, आणि जवळ येऊन बसायला सांगण्यात आलं. अकबर यांनी हे सगळं नाकारलं. अशी भेट झालीच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

ऑक्टोबर २०१७ मध्ये रमाणी यांनी एका मासिकात हा अनुभव नाव न घेता लिहिला. पुढच्या वर्षी, ८ ऑक्टोबर २०१८ रोजी, त्यांनी नाव घेतलं. अकबर तेव्हा परराष्ट्र राज्यमंत्री होते. नाव उच्चारलं जाताच एकेक करत इतर महिला पत्रकारही पुढे आल्या. गझाला वहाब यांनी १९९७ मध्ये ‘एशियन एज’च्या दिल्ली कचेरीत काय सोसलं ते सविस्तर लिहिलं आणि पुढे न्यायालयात येऊन साक्षही दिली. अकबर यांनी १५ ऑक्टोबरला रमाणी यांच्यावर फौजदारी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि १७ ऑक्टोबरला मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

जिनं तक्रार केली, तीच आरोपी म्हणून न्यायालयात उभी राहिली, आणि दोन वर्षांहून अधिक काळ तारखांना जात राहिली. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या न्यायालयानं रमाणी यांना निर्दोष सोडलं. प्रतिष्ठेचा हक्क जपण्यासाठी स्त्रीच्या प्रतिष्ठित जगण्याच्या हक्काचा बळी देता येत नाही आणि स्त्री आपली तक्रार दशकांनंतरही, हव्या त्या ठिकाणी मांडू शकते, असं न्यायालयानं म्हटलं. हा निकाल अब्रुनुकसानीच्या खटल्यातला आहे. अकबर छळाबद्दल दोषी ठरले, असा त्याचा अर्थ होत नाही. त्यांनी या निकालाला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हानही दिलं.

या खटल्याच्या वेळी मला सर्वांत जास्त ऐकू आलेला प्रश्न होता, ‘मग तिनं ती नोकरी घेतलीच कशाला?’ रमाणी त्या दैनिकात रुजू झाल्या होत्या, हे खरं आहे. ज्यांना हा प्रश्न पडतो त्यांनी त्या वयाच्या मुलीची बाजू एकदा समजून घ्यावी. पत्रकारितेत शिरायचं आहे, घरी आधीच ‘हे कसलं काम, रात्री-अपरात्री’ म्हणून विरोध आहे. हॉटेलातलं घरी सांगितलं तर नोकरी तर नाहीच, बाहेर पडणंही बंद होणार. आमच्या दैनिकात अमुक साहेबांच्या केबिनमध्ये पान दाखवायला जाताना कुणाला तरी सोबत घे, हे नव्या मुलीला पहिल्याच आठवड्यात सांगितलं जायचं. सांगणाऱ्या आमच्याच ज्येष्ठ सहकारी होत्या. साहेबांना मात्र कुणी कधी काही बोललं नाही. पान लावता लावता हे सगळं चालायचं आणि दुसऱ्या दिवशी अंकात महिला सुरक्षेवर अग्रलेख यायचा. ती चीड माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

तेव्हा कायदाही नव्हता. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरी देवी सरकारच्या योजनेत साथिन म्हणून बालविवाह रोखण्याचं काम करत होत्या. १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून पुढे आलेल्या विशाखा याचिकेवर १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, आणि कामाच्या ठिकाणी तक्रार समिती असलीच पाहिजे हे पहिल्यांदा बंधनकारक झालं. ते कायद्यात उतरायला आणखी १६ वर्षं लागली. शहरातल्या इंग्रजी बोलणाऱ्या पत्रकार मुलींना आज जे संरक्षण आहे, ते एका गावच्या कुंभार समाजातल्या बाईच्या लढ्यातून आलेलं आहे, हे आपल्या कचेऱ्यांमधून सांगितलं जात नाही.

कायदा येतच होता, त्या २०१३ च्या नोव्हेंबरात गोव्यात ‘तहलका’चं प्रकरण घडलं. साप्ताहिकाचा एक मोठा महोत्सव पंचतारांकित हॉटेलात चालू असताना संपादक तरुण तेजपाल यांनी लिफ्टमध्ये आपल्यावर लैंगिक अत्याचार केला, अशी तक्रार तिथल्याच एका तरुण महिला पत्रकारानं व्यवस्थापकीय संपादकांकडे केली. पुढचा खटला अनेक वर्षं चालला. २१ मे २०२१ रोजी म्हापशाच्या सत्र न्यायालयानं तेजपाल यांना निर्दोष सोडलं आणि गोवा सरकारनं त्याविरुद्ध उच्च न्यायालयात अपील केलं. गुन्ह्याचा निवाडा न्यायालयांनी करायचा आहे. मला बोलायचं आहे ते पहिल्या काही दिवसांत कचेरीनं काय केलं, याबद्दल. तेजपाल यांनी पत्र लिहून प्रायश्चित्त म्हणून सहा महिने संपादकपदावरून दूर होत असल्याचं जाहीर केलं. चौकशी समिती नेमली गेली ती त्यानंतर, प्रकरण बाहेर फुटल्यावर. विशाखा निकालाला तेव्हा सोळा वर्षं झाली होती, आणि दुसऱ्यांचे घोटाळे बाहेर काढणाऱ्या साप्ताहिकात तक्रार आली तेव्हा समिती तयार नव्हती. ज्याच्यावर आरोप, त्यानंच आपली शिक्षा ठरवायची, तिची मुदतही त्यानंच ठरवायची, आणि कचेरीनं ते मान्य करायचं, हे मला आजही अक्षम्य वाटतं.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. ९ डिसेंबर २०१३ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसं काम करतात अशा प्रत्येक कचेरीत अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, किमान निम्म्या सदस्य स्त्रिया, आणि एक सदस्य बाहेरची. चौकशी ९० दिवसांत संपवायची आणि अहवालावर मालकानं ६० दिवसांत कारवाई करायची. समिती नेमलीच नाही तर मालकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड. कामासाठी जिथे जावं लागतं ती जागा आणि कचेरीनं दिलेलं वाहन यांनाही कायदा कामाचं ठिकाण मानतो. तक्रारदार पगारी नोकर असण्याची अट नाही. म्हणजे मुलाखतीला बोलावलेली मुलगी, कॉलमाच्या हिशेबानं मानधन घेणारी तालुक्याची वार्ताहर, प्रशिक्षणाला आलेली विद्यार्थिनी, सगळ्या यात येतात. हॉटेलातली खोली हे आज पळवाटेचं कारण होऊ शकत नाही.

कागदावर हे चांगलं आहे. समितीच्या बैठकीत बसलं की कुठे अडतं ते कळतं. समितीच्या अध्यक्ष बाईंची पगारवाढ कोण ठरवतं? बऱ्याचदा तोच, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे. साक्षीला बोलावलेला छायाचित्रकार खाली मान घालून ‘मी तेव्हा तिथे नव्हतो’ म्हणतो, कारण पुढच्या महिन्यात त्याच्या कराराचं नूतनीकरण आहे. मनुष्यबळ विभागाचा माणूस चहा मागवून ‘मॅडम, आपसात मिटवता येईल का?’ असं विचारतो. कायद्यात समेट आहे, पण तो फक्त तक्रारदार स्त्रीनं स्वतः मागितला तरच, आणि पैसे देऊन तर कधीच नाही. हे वाक्य मी किती बैठकांत मोठ्यानं वाचून दाखवलं आहे!

तक्रार तीन महिन्यांत करावी लागते, आणि सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. दशकांनंतरही बोलता येतं असं न्यायालय म्हणालं, पण समितीचं दार सहा महिन्यांनंतर बंद होतं. ज्या धंद्यात साहेबाच्या हाताखालून बाहेर पडायलाच दोन-तीन वर्षं लागतात, तिथे ही मुदत फार तोकडी आहे. ती वाढवली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मालकांनाही यातून सोडता येणार नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत ‘फॉक्स न्यूज’चे प्रमुख रॉजर एल्स यांच्यावर निवेदिका ग्रेचेन कार्लसन यांनी दावा लावला. दोन आठवड्यांत एल्स यांना पद सोडावं लागलं आणि मूळ कंपनीनं कार्लसन यांना दोन कोटी डॉलर दिले. पण जाताना एल्स यांनाही त्याच्या सुमारे दुप्पट रक्कम मिळाल्याच्या बातम्या आल्या. पदावरून जाणं आणि जबाब देणं यात केवढं अंतर असतं ते यात दिसतं. आपल्याकडेही संपादक ‘वैयक्तिक कारणास्तव’ जातो, निरोपाचा समारंभ होतो, आणि काही महिन्यांत तो दुसऱ्या वाहिनीच्या पडद्यावर दिसतो. नव्या मालकानं जुन्या कचेरीत एक फोन करून विचारलं असतं तर? विचारत नाहीत, कारण त्यांना ठाऊक असतं.

शेवटी, या धंद्यातल्या मुलींसाठी थोडी उपयोगाची माहिती. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, किंवा कचेरीत दहाहून कमी माणसं असतील, तर अंतर्गत समितीकडे जायचं कारण नाही. प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते, तिच्याकडे जायचं. मालक-संपादक असेल तर प्रश्नच मिटला. पगारी मुख्य संपादक असेल आणि कचेरीचा सगळा कारभार त्याच्या ताब्यात असेल, तर तोही मालकाच्या व्याख्येत बसतो, असं माझं वाचन आहे, आणि हा मुद्दा अर्जात जरूर मांडा. जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात स्थानिक समितीची चौकशी करा. अर्ज साध्या कागदावर चालतो. त्याच्या सहा प्रती, जवळ असलेले संदेश किंवा कागद आणि साक्षीदारांची नावं सोबत द्यायची. लिहिता येणं शक्य नसेल तर लिहून घेण्यात मदत करणं हे समितीचं काम आहे. चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते, आणि ही रजा तुमच्या हक्काच्या रजेतून कापली जात नाही.