रेशमाचा पतंग व आमचे सोवळे

दिव्यावर झेपावणारा पांढरा पतंग रेशमाचा नव्हे. याचा रानटी पूर्वज चीनच्या वनांत उडतो. हा मात्र माणसाळल्यामुळे उडणे विसरला. अंग लोकरीसारखे, मिशा पिसांसारख्या, ही याची खूण. तो काही खात नाही. मादी सुमारे ४०० अंडी घालून थोड्याच दिवसांत मरते. अळी तुतीचा पाला खात चार वेळा कात टाकते व सुमारे पंचविसाव्या दिवशी कोश विणू लागते. ‘कौशेय’ हा शब्द पाणिनीने या कोशावरूनच साधला आहे.

जालन्यास २०१८ साली कोशांची बाजारपेठ उघडली. पतंग कोश फोडून निघाल्यास अखंड धागा मिळत नाही, म्हणून आतील जीव आधीच उष्णतेने मारतात. मुकटा नेसून अहिंसेवर बोलणाऱ्यांस हे ठाऊक असावे. फुटक्या कोशांचे सूत कातूनही वस्त्र होते; त्यास झळाळी कमी, तरी सोवळ्यास ते अधिक योग्य, असे आमचे मत आहे.