धारचा मासा, देवासचा कान

इंदूरच्या पश्चिमेला धार, ईशान्येला देवास. अठराव्या शतकात मराठी फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात उतरल्या आणि ही दोन्ही ठिकाणं पवारांकडे आली. देवासात तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच गावात नांदल्या. मराठी वाचकाला ही गावं राजवाडे, टेकडीवरची देवी आणि गाणं यांमुळे ठाऊक असतात. मेंदू आणि ज्ञानेंद्रियं समजून घ्यायलाही ती तितकीच उपयोगी आहेत. धारच्या नावावर एका राजाच्या कवटीची कथा आहे. देवासात एका गायकाच्या कानाची हकिगत घडली. पहिली कल्पित आहे, दुसरी खरी. नाक किंवा कान यांना मेंदूपासून तोडून समजून घेता येत नाही, हे दोन्हींतून दिसतं.

राजा भोजाची डोकेदुखी

परमार राजा भोज अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात धारेत राज्य करत होता. वास्तुशास्त्रावरचा ‘समरांगणसूत्रधार’ आणि काव्यशास्त्रावरचा ‘शृंगारप्रकाश’ हे ग्रंथ त्याच्या नावावर आहेत. पतंजलीच्या योगसूत्रांवरची ‘राजमार्तंड’ ही वृत्तीही त्याचीच. चित्त आणि इंद्रियं यांचं नातं हा त्या सूत्रांचा गाभाच आहे.

भोजाच्या डोक्याची कथा मात्र त्याच्या काळातली नाही. ती बल्लाळाच्या ‘भोजप्रबंधा’त येते आणि तो ग्रंथ सोळाव्या शतकातला. कालिदास, बाण आणि भवभूती यांना बल्लाळाने भोजाच्या एकाच दरबारात बसवलं आहे, तेव्हा इतिहास म्हणून तो वाचता येत नाही. कथा अशी: स्नानाच्या वेळी राजाने नाकाने पाणी ओढून कपालशोधन केलं आणि पाण्यातलं माशाचं पिल्लू त्याच्या कवटीत शिरलं. डोकं असह्य दुखू लागलं. वैद्य हरले. राजाने संतापून वैद्यांना राज्याबाहेर घालवलं आणि त्यांचे ग्रंथ नदीत टाकायला लावले. अखेर अश्विनीकुमार ब्राह्मणांच्या वेशात आले. त्यांनी मोहचूर्णाने राजाला बेशुद्ध केलं, कवटी उघडून मासे बाहेर काढले, हाड पुन्हा सांधलं आणि संजीवनीने त्याला शुद्धीवर आणलं.

भारतात हजार वर्षांपूर्वी मेंदूची शस्त्रक्रिया होत होती, याचा पुरावा म्हणून ही कथा वारंवार सांगितली जाते. तेवढा भार तिला पेलत नाही. कवटीला भोक पाडण्याचा उद्योग आपल्याकडे याहून फार जुना आहे. काश्मीरमधल्या बुर्झाहोम इथे नवाश्मयुगीन कवटीवर अशी भोकं सापडली आहेत. सुश्रुताने प्रेत वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवून, मग हळूहळू घासत एकेक थर पाहण्याची रीत सांगितली आहे. मनाचं स्थान कुठे, यावरही वाद होता. चरकाच्या परंपरेत ते हृदयात मानलं गेलं, तर भेलसंहितेने डोकं आणि टाळू यांच्या मध्ये ठेवलं.

भोजप्रबंधाचं मोल वेगळ्या ठिकाणी आहे. कथाकाराने नाकाचा मार्ग निवडला, आणि शरीररचनेच्या दृष्टीने तो मार्ग खरा आहे.

नाकाच्या छतावर

नाकाच्या पोकळीचं छत म्हणजेच कवटीच्या तळाचा एक भाग. तिथे चाळणीसारखी छिद्रं असलेली हाडाची पातळ पट्टी असते. तिच्याखाली गंध ओळखणाऱ्या पेशींचा छोटासा पट्टा आहे. या पेशी म्हणजे खऱ्याखुऱ्या चेतापेशी. त्यांचं एक टोक श्वासातल्या हवेला भिडलेलं असतं आणि दुसरं टोक छिद्रांतून वर जाऊन थेट मेंदूला मिळतं. मेंदूच्या इतक्या जवळच्या चेतापेशी बाहेरच्या जगासमोर इतक्या उघड्या असतात, असं ठिकाण शरीरात दुसरं नाही. त्या झिजतात, मरतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात.

माणसाकडे गंधग्राहकांचे सुमारे चारशे प्रकार आहेत. त्यांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी 1991 मध्ये शोधली आणि 2004 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. दृष्टी, श्रवण आणि स्पर्श यांचे संदेश मेंदूच्या बाह्यकात पोचण्याआधी थॅलॅमसमधून जातात. गंधाचा संदेश ती चौकी टाळून भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित भागांकडे जातो. उटण्याच्या एका वासाने लहानपणची दिवाळी क्षणात समोर उभी राहते, त्यामागे ही रचना आहे.

या चाळणीतून मासा जाऊ शकत नाही. अमीबा मात्र जातो. नेग्लेरिया फाउलेरी हा एकपेशीय जीव कोमट गोड्या पाण्यात असतो. असं पाणी जोराने नाकात गेलं, तर तो गंधतंतूंच्या वाटेने मेंदूत शिरतो. होणारा आजार फार क्वचित आढळतो, पण बहुतेक वेळा जीव घेतो. ऑस्ट्रेलियातल्या माल्कम फाउलर यांनी 1965 मध्ये त्याची नोंद केली. अलीकडे केरळमध्ये असे रुग्ण आढळले आहेत. अमेरिकेत लुइझियानात 2011 मध्ये दोघे दगावले. दोघांनीही नळाचं पाणी घेऊन नाक धुतलं होतं. म्हणून जलनेती करणाऱ्याने उकळून गार केलेलं पाणीच वापरावं. पिण्यासाठी चालणारं पाणी नाकात घालण्यासाठी चालेलच असं नाही. पोटात आम्ल आहे. नाकाच्या छतावर तसा पहारा नाही.

आणखी एक गोष्ट. भोजाचं डोकं दुखलं, पण खुद्द मेंदूला वेदना कळत नाही. वेदनेचे ग्राहक मेंदूभोवतीच्या आवरणात आणि रक्तवाहिन्यांत असतात. म्हणूनच आजचे शल्यविशारद काही शस्त्रक्रियांत रुग्णाला जागं ठेवतात, त्याला बोलतं करतात आणि भाषेचे भाग सांभाळत गाठ काढतात. अश्विनीकुमारांनी राजाला पुरतं बेशुद्ध केलं. आजचा सर्जन कधीकधी रुग्णाच्याच शब्दांवर विसंबतो.

देवास, 1948 ते 1952

देवास हे श्रवणाचं गाव. रजब अली खाँ इथल्या दरबारात होते. 1948 मध्ये शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली हा बेळगावकडचा तरुण गायक इथे राहायला आला. जग त्याला कुमार गंधर्व म्हणून ओळखत होतं. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून तो त्या जशाच्या तशा गाई. पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे त्याची तालीम झाली. आता फुप्फुसाला क्षय झाला होता आणि माळव्याची कोरडी हवा मानवेल म्हणून देवास निवडलं होतं. गाण्याला मनाई होती. पत्नी भानुमतीबाई शुश्रूषा करत होत्या.

त्या वर्षांत कुमारजींनी पडल्या पडल्या ऐकलं. माळवी बायकांची लग्नाची, ऋतूंची, सणांची गाणी ऐकली. दारावरून जाणाऱ्या नाथपंथी साधूंची निर्गुणी भजनं ऐकली. पुढे ‘गीत वर्षा’सारखे ऋतूंवरचे कार्यक्रम आले, लोकधुनांतून उगवलेले राग आले, 1965 मध्ये ‘अनूपरागविलास’ हा ग्रंथ आला. या सगळ्याचं मूळ त्या सक्तीच्या मौनात आहे. ते मौन रिकामं नव्हतं, असं मेंदूविज्ञान सांगतं.

ध्वनिलहरी कानाच्या पडद्यावर आदळतात. तीन हाडं तो कंप पुढे नेतात. त्यांतली रिकीब ही शरीरातली सर्वांत लहान अस्थी, जेमतेम तीन मिलिमीटरची. पुढे शंखासारखी गुंडाळलेली, द्रवाने भरलेली नळी आहे. तिच्यातल्या पडद्याचा तोंडाजवळचा भाग तारस्वरांना कंप पावतो, टोकाकडचा भाग खर्जाला. गेओर्ग फॉन बेकेशी यांना याच्या संशोधनासाठी 1961 मध्ये नोबेल मिळालं. पडद्यावर केशपेशींच्या रांगा असतात. आतल्या रांगेत सुमारे साडेतीन हजार, बाहेरच्या रांगांत सुमारे बारा हजार. आतल्या पेशी मेंदूला कळवतात. बाहेरच्या पेशी स्वतः आखडतात, सैलावतात आणि क्षीण ध्वनीला उठाव देतात. या बाहेरच्या पेशींकडे मेंदूकडून निघालेले तंतूही येतात. कान मेंदूला सांगतो, तसा मेंदूही कानाला सांगतो. लक्ष देऊन ऐकणं ही शरीरात घडणारी क्रिया आहे.

तंबोऱ्यात हे रोज अनुभवाला येतं. जवारी लागली की एका तारेतून स्वरांचे अनेक उपस्वर उमटतात आणि मेंदू त्यांची सांगड घालून एक स्वर ओळखतो. मूळ स्वर हवेत नसला, फक्त त्याचे उपस्वर असले, तरी मेंदू तो स्वर ‘ऐकतो’. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला खर्ज झेपत नाही, तरीही आपल्याला पुरुषाचा आवाज पुरुषाचाच वाटतो, तो यामुळे. कुमारजी तंबोरे लावण्याविषयी अतिशय आग्रही होते. ती शिस्त कानाइतकीच मेंदूची होती.

ऐकताना आणि मनात गाणं आठवताना मेंदूच्या श्रवणकेंद्राबरोबर हालचालींची आखणी करणारे भागही कामाला लागतात, हे गेल्या काही दशकांतल्या मेंदूच्या प्रतिमांतून दिसलं आहे. गळा गप्प असला तरी गाणं शिकलं जातं. कुमारजींच्या मेंदूची अशी तपासणी कुणी केलेली नाही. पण ती वर्षं तालमीची होती, असं म्हणायला त्यांचं पुढचं गाणं पुरेसं आहे.

औषधाची किंमत

1952 च्या सुमारास त्यांच्यावर स्ट्रेप्टोमायसिनचे उपचार झाले. हे औषध 1943 मध्ये अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी शोधलं. त्याने लाखो क्षयरोगी वाचवले. मात्र 1945 पासूनच डॉक्टरांना ठाऊक होतं, की ते अंतर्कर्णाला इजा करतं. तोल सांभाळणाऱ्या केशपेशींवर त्याचा मारा अधिक, श्रवणाच्या पेशींवरही काही प्रमाणात. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जे औषध गायकाची छाती सोडवणार होतं, त्याच औषधाची नजर त्याच्या कानावर होती. कुमारजींचं श्रवण शाबूत राहिलं, हे आपल्या संगीताचं मोठं भाग्य.

एक फुप्फुस निकामी झालं, ते झालंच. गाण्यासाठी फुप्फुसातली हवा स्वरतंतूंखाली योग्य दाबाने धरून ठेवावी लागते. आपोआप चालणारा श्वास मस्तिष्कस्तंभ सांभाळतो. ठरवून घेतलेला, रोखलेला, मोजून सोडलेला श्वास मेंदूच्या बाह्यकाकडून येतो. माणसात बाह्यकातून स्वरयंत्राच्या केंद्राकडे थेट तंतू जातात. हवेचा साठा कमी झाला, तेव्हा या यंत्रणेने नवा हिशेब बसवला. लांबलचक तानांऐवजी छोट्या, धारदार फेकी आल्या, अचानक विराम आले, स्वर एकदम उजळून सोडणं आलं. ज्यांना ही उणीव वाटली त्यांनी टीका केली; ज्यांनी कान दिला त्यांना नवी भाषा ऐकू आली. 1990 मध्ये पद्मविभूषण मिळालेल्या या गायकाचं 12 जानेवारी 1992 रोजी देवासातच निधन झालं. टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं ‘भानुकुल’ हे घर आहे.

आपले कान

औषधाने कानाचं नुकसान होण्याची भीती डॉक्टर मोजून घेतात, कारण समोर जीव वाचवायचा असतो. आपण मात्र तेच नुकसान उत्सवाच्या नावाने फुकट ओढवून घेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढाला 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास सुरक्षित आहे. दर तीन डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो. 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे बाळाला खांद्यावर घेऊन उभं राहणाऱ्या बापाने हे आकडे लक्षात ठेवावेत. ज्या पेशी त्या रात्री मरतात, त्या कुठल्याही दवाखान्यात परत मिळत नाहीत.

आणि ज्या बाळाला मुळातच ऐकू येत नाही, त्याच्यासाठी वेळ फार मोलाचा आहे. बाहेरच्या केशपेशी स्वतःही अगदी क्षीण ध्वनी निर्माण करतात, हे डेव्हिड केंप यांनी 1978 मध्ये दाखवलं. त्यावर उभी राहिलेली तपासणी झोपलेल्या नवजात बाळाचीही करता येते, आणि ती काही मिनिटांत होते. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूचं श्रवणकेंद्र ध्वनी मागत असतं. तेव्हा श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट मिळालं, तर भाषा येते. तो काळ हातून गेला, तर तीच केंद्रं दुसऱ्या इंद्रियांच्या कामाला लागतात आणि मग उशिरा पोचलेल्या ध्वनीचा अर्थ लावणं कठीण होतं. सुईणीपासून बालरोगतज्ज्ञापर्यंत प्रत्येकाने ही तपासणी सांगावी आणि प्रत्येक आईबापाने ती मागावी. कुमारजींना गाणं थांबवूनही ऐकता आलं, म्हणून ते पुन्हा गाऊ शकले; ऐकण्याचा तो हक्क जन्मलेल्या प्रत्येक बाळाचा आहे.