झडती घ्या, पण कायद्याने!

पोलीस दारात आले की आपल्या वस्तीतला माणूस आधी हात जोडतो. मग पेट्या उपसल्या जातात, लेकीबाळींचे कपडे शेजाऱ्यांसमोर पडतात. गुन्ह्याचा तपास झालाच पाहिजे. पण नुसत्या संशयावरून घराची अब्रू चव्हाट्यावर येता कामा नये.

उत्तर प्रदेशातील खरक सिंग यांना १९४१ साली दरोड्याच्या आरोपावरून पकडले आणि पुराव्याअभावी सोडले. तरीही पोलीस रात्री-अपरात्री दार ठोठावून त्यांना उठवीत. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्री घरी जाण्याचा हा नियम रद्द केला. पण खासगीपणाचा हक्क मूलभूत मानला नाही. तो नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने मान्य केला. परमपूज्य बाबासाहेबांनी तर ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये १९४७ सालीच अवाजवी झडती-जप्तीपासून संरक्षण मागितले होते.

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडतीचे नियम आहेत. परिसरातील दोन निःपक्ष, प्रतिष्ठित पंच हवेत. घरात राहणाऱ्याला हजर राहू द्यावे. बाईची अंगझडती बाईनेच, मर्यादा राखून घ्यावी. झडतीचे चित्रीकरण करावे. जप्त वस्तूंच्या यादीची नक्कल घरच्यांना द्यावी.

तेव्हा बंधुभगिनींनो, झडतीला आडवे जाऊ नका, पण भिऊही नका. न वाचता कशावरही सही करू नका. यादीची नक्कल मागून घ्या. घरातल्या शिकत्या मुलामुलींनी हे नियम आजी-आजोबांना वाचून दाखवावेत.