सहा दिवसांचा धर्म

कोकणातल्या जुन्या घराचं छप्पर उतरवायला काढलं की एखादं मंगलोरी कौल उलटं करून पाहावं. बहुतेक कौलांवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. नशिबात असेल तर ‘बासेल मिशन टाइल वर्क्स’ आणि खाली ‘1865’ असं दिसतं. मग घरमालक पाहुण्यांना कौल दीडशे वर्षांचं असल्याचं सांगतो. खरं तर ते साल कारखान्याच्या स्थापनेचं; कौल नंतर कधीचंही असू शकतं. असो. धर्मप्रसाराला आलेल्या माणसांनी कौलं भाजायला का घेतली, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

बासेल मिशन 1815 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात स्थापन झालं. तिथून बाहेर पडणारे बरेच मिशनरी दक्षिण जर्मनीतल्या शेतकऱ्या-कारागिरांच्या घरातले, हाताला काम माहीत असलेले. 1834 मध्ये सॅम्युएल हेबिक आणि त्यांचे दोन सहकारी मंगळुरात पोहोचले. पुढे त्या भागात ज्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांत बिल्लव समाजाची माणसं पुष्कळ होती. ताडी काढणं हा त्यांतल्या अनेकांचा धंदा. मिशनला दारूचं वावडं, म्हणजे तो धंदा बंद. जातीने बाहेर काढलं, आधार तुटला. बाप्तिस्मा झाला, आता चूल कशी पेटायची?

रोज तांदूळ वाटणं सोपं होतं. पण तांदळासाठी आलेला ख्रिस्ती ही टीका मिशनरींना झोंबत होती आणि त्यांच्या शास्त्रालाही ते मान्य नव्हतं. प्रेषित पौल करिंथात तंबू करून पोट भरत असे, आणि थेस्सलनीकाच्या मंडळीतल्या कामचुकारांना त्याने पत्रातून चांगलंच फटकारलं आहे. दहा आज्ञांमधल्या शब्बाथाच्या आज्ञेत सातव्या दिवसाची विश्रांती सगळ्यांना आठवते. सहा दिवस राबण्याची गोष्टही त्याच आज्ञेत आहे. त्यात भर ल्यूथरच्या शिकवणीची: चांभाराचं काम धर्मगुरूच्या कामाइतकंच देवाला रुजू होतं. एवढं शिकून आलेला माणूस अन्नछत्र काढून बसणं कठीणच.

मग प्रयोग सुरू झाले. शेती करून पाहिली, घड्याळं बनवणंही करून पाहिलं. दोन्ही जमलं नाही. 1841 चा छापखाना मात्र टिकला, आणि 1843 मध्ये ‘मंगळूर समाचार’ हे पहिलं कन्नड वृत्तपत्र निघालं ते याच मिशनमधून. 1851 मध्ये हालर नावाचे विणकर आले आणि मागांचं काम नीट बसलं. खाकी रंग त्यांनीच शोधला असं मंगळुरात अभिमानाने सांगतात. पण सरहद्दीवरची एक पलटण त्याआधीच खाकी घालत होती, तेव्हा हा अभिमान जरा जपून बाळगलेला बरा.

खरं नाव झालं ते कौलांनी. मिशनच्याच गेऑर्ग प्लेब्स्ट यांनी नेत्रावती नदीकाठच्या चिकणमातीत युरोपातल्या कौलाची शक्यता हेरली आणि 1865 मध्ये कारखाना उभा केला. माती मळायची, तिच्या वड्या पाडायच्या, साच्यात घालून दाबायच्या, कडा तासायच्या, सावलीत वाळवायच्या आणि मग भट्टी. पूर्वीचे कुंभाराचे नळे नुसते एकावर एक टेकलेले. माकड नाचून गेलं की सरकले, आणि पावसाळ्याआधी छप्पर चाळणं दरवर्षी ठरलेलं. या नव्या कौलाच्या कडेला खाच होती. शेजारचं कौल तिच्यात बसायचं, आणि पाठीवरची टेंगळं रिपेला अडकायची. छप्पर हलकं झालं, गळणं कमी झालं. मंगळूरहून गलबतं भरून कौलं मुंबईकडे निघाली.

आत शिस्त कडक. घंटा झाली की हजेरी, कामाआधी प्रार्थना, रविवारी कारखाना बंद, दारू पिणाऱ्याची गय नाही. पण आजारपणासाठी निधी आणि बचतीची सोयही होती, आणि त्या काळात किती गिरणीमालकांना हे सुचलं होतं? तरी हे चित्र फार गोड करू नये. कारखान्याचे आणि मंडळीचे साहेब एकाच मिशनचे. सोमवारी चुकलं तर रविवारी तोंड दाखवणं अवघड, आणि रविवारी चुकलं तर सोमवारच्या रोजगाराची धाकधूक. श्रद्धेची आणि भाकरीची नाडी एकाच हातात असली की प्रामाणिकपणा कुठे संपतो आणि भीती कुठे सुरू होते, हे त्या कामगारालाही सांगता आलं नसतं.

मिशनमध्येही खल होताच: नफा कमवणं सुवार्तेत बसतं का? व्यापारासाठी वेगळी कंपनी काढून त्यांनी त्यातून वाट काढली, आणि नफा पुन्हा मिशनकडे वळवला. कष्टाळू प्रोटेस्टंट वृत्तीतून भांडवलशाहीला बळ मिळालं, असं माक्स वेबर 1904-05 मध्ये लिहीत होते. मंगळुरात भांडवल कुणाच्या मनातही नव्हतं. बेकारांना काम देता देता ते साचत गेलं.

दरम्यान गावच्या इतर उद्योजकांनीही कौलांचे कारखाने काढले, कॅथलिकांनी आणि हिंदूंनीसुद्धा. त्यांची कौलंही गळली नाहीत. कौल पक्कं व्हायला माती आणि भट्टी पारखावी लागते, प्रार्थना नाही. मिशनची श्रद्धा शोधायची तर ती कामावर कुणाला घेतलं आणि का, इथे सापडते.

पहिलं महायुद्ध पेटलं आणि जर्मन माणसं शत्रू ठरली. मिशनरींपैकी अनेकांना अहमदनगरच्या छावणीत डांबलं, आणि पुढे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्ट या ब्रिटिश कंपनीच्या ताब्यात गेले. मंडळ्यांचा कारभार हळूहळू इथल्याच माणसांकडे आला. कामगाराच्या बाजूने पाहिलं तर एक मोठा बदल झाला: सोमवारचा मालक आणि रविवारचा पाळक आता एकाच मिशनचे राहिले नव्हते.